मूल सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, आणि ते योग्य ठिकाणी लागले आहे. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्यातच, खटाव तालुक्यात. जोतीराव वर्षाचे होण्याआधीच त्यांची आई चिमणाबाई वारली आणि नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना लहानाचे मोठे केले. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, दत्तक घेतले आणि १८७७ च्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम चालवला. या कामाची आठवण आपण काढतो ती बहुधा गृह आणि आश्रम या रूपात. सगुणाबाईंचे नाव चरित्राच्या पहिल्या प्रकरणात येते आणि मागे पडते. पोरक्या मुलांबद्दलचा आपला विचार आजही याच वळणाने जातो. संस्था दिसते, तिला देणगी मिळते, देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. चार भिंतींच्या आत मूल वाढवणारी बाई कोणाला दिसत नाही. सातारा-सांगलीसारख्या भागात पोरक्या मुलाचे शिक्षण टिकवायचे असेल तर मदतीचा पहिला हक्क या बाईचा आहे, आणि ही मदत नुसत्या पैशावर भागणारी नाही, एवढे एकच म्हणणे मला मांडायचे आहे.

आधी ही मुले असतात कुठे ते पाहू. युनिसेफ एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांची एकत्र गणना करते. २०१५ च्या तिच्या अंदाजानुसार जगात अशी सुमारे १४ कोटी मुले होती. त्यांतली आई-वडील दोघेही नसलेली सुमारे दीड कोटी. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ मुलांना आई किंवा वडील यांपैकी कोणीतरी होते. आणि ज्यांना कोणीच नव्हते त्यांतलीही बहुसंख्य आजी-आजोबा, मामा, मावशी, काका-काकू यांच्या आश्रयाला असतात. आपल्या दोन जिल्ह्यांत तर आजीने नातवंडे वाढवण्याची घडी फार जुनी आहे. पाटण, जावळी, कोरेगाव या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला माथाडी कामाला गेली. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगले. बाप परगावी, मूल गावी म्हातारीजवळ, महिन्याला मनिऑर्डर, अशी ती रीत. नव्वदीच्या दशकात स्थलांतराच्या याच वाटांनी आणि महामार्गाच्या वाहतुकीबरोबर एचआयव्ही आला. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे जादा लागण असलेल्या जिल्ह्यांत गणले गेले. सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधे देशात १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. तोवर कित्येक घरांतले तरुण जोडपे एकामागोमाग एक गेले होते. मनिऑर्डर बंद झाली, मूल मात्र म्हातारीजवळच राहिले. २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरू लागल्यावरही सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात रेंगाळली, आणि पुन्हा तेच घडले.

करोनाकाळात ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने मोजणीची पद्धतच बदलली, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. महासाथीच्या पहिल्या १४ महिन्यांत जगभरात १५ लाखांहून अधिक मुलांनी आपला सांभाळकर्ता गमावला, असा त्याचा अंदाज होता; आणि सांभाळकर्ता म्हणजे फक्त आई-वडील असे न धरता मुलाबरोबर राहणारे आजी-आजोबाही त्यात धरले होते. शास्त्रज्ञांना जे मोजावेसे वाटले ते आपल्या सरकारी मदतीत उतरले नाही. पीएम केअर्समधून वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख आणि राज्य शासनाची ५ लाखांची ठेव या दोन्ही मदती मोलाच्या होत्या. पण त्या करोनाने पालक गेलेल्या मुलांपुरत्या होत्या, आणि राज्याची ठेव तर आई-वडील दोघेही गेले असतील तरच. त्याच वर्षी, त्याच गल्लीत कर्करोगाने किंवा सर्पदंशाने आई-बाप गेलेल्या मुलाचे दुःख या हिशेबात बसले नाही. मृत्यूच्या कारणावरून मुलांची विभागणी करणे मला कोणत्याच न्यायाने पटत नाही. शिवाय ठेव मुलाच्या भविष्यासाठी असते. आजच्या संध्याकाळी चूल पेटवणाऱ्या आजीला तिचा उपयोग नसतो.

आजच्या चुलीसाठी आहे ती बालसंगोपन योजना. पूर्वी मुलामागे महिना ४२५ रुपये मिळत, २०२१ मध्ये ते १,१०० झाले, २०२३ मध्ये २,२५०. अनाथ मुले, एकच पालक असलेली मुले, एचआयव्ही किंवा कुष्ठरोगाने ग्रासलेल्या, तुरुंगात असलेल्या पालकांची मुले अशा अनेकांना ती लागू आहे. योजना चांगली आहे, रक्कमही आता निव्वळ नाममात्र राहिलेली नाही. अडते ते पुढे. अर्जाला मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, आधार कार्ड, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि सांभाळणाऱ्याने मुलाला घेऊन घरासमोर काढलेला फोटो लागतो. मग गृहभेट होते, अहवाल जातो, बालकल्याण समितीपुढे मुलासह हजर राहावे लागते आणि समितीचा आदेश झाला की पैसे सुरू होतात. कागद एकेकटा पाहिला तर कोणताच अवाजवी नाही. पण आजीचा मुलगा मुंबईत वारला असेल तर दाखला महापालिकेचा. नातवाचे नाव अजून मुंबईच्या रेशन कार्डावर. आधारवरचे नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. आणि आजीच्या बोटांचे ठसे शेतकामाने इतके झिजलेले की मशीन ते घेत नाही. जतच्या पूर्व भागातून सांगलीला, किंवा कांदाटी खोऱ्यातून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून साताऱ्याला यायचे म्हणजे अख्खा दिवस आणि एक रोजगार बुडाला. हे तीन-चारदा झाले की म्हातारी म्हणते, नको तुमचे पैसे. हप्ते वेळेवर न येण्याची तक्रार जुनीच आहे, पण हप्त्यापर्यंत न पोचलेल्यांची तक्रारसुद्धा कुठे नोंदली जात नाही.

जमिनीचा प्रश्न याहून बिकट. वडील वारले की वारसनोंद करावी लागते. मूल सज्ञान नसेल तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लागून पालनकर्त्याचे नाव येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. आजी वर्षानुवर्षे मूल सांभाळत असली तरी कायद्याने ती आपोआप पालक होत नाही. मुलाच्या मिळकतीबाबत अधिकार हवा असेल तर न्यायालयात जावे लागते. याचा अर्थ असा की ज्या माणसाने सगळा भार उचलला आहे त्याच्या हातात सही करण्याचाही अधिकार नाही, आणि ज्या चुलत्याने काही उचललेले नाही तो तलाठ्याकडे आधी पोचला तर फेरफारात मुलाचे नाव येईलच याची खात्री नाही. दहा-पंधरा गुंठे का असेना, पण ते मुलाच्या अकरावी-बारावीचे आणि पुढच्या शिक्षणाचे भांडवल असते. वारसनोंदीकडे आपण महसुली काम म्हणून पाहतो. पोरक्या मुलाच्या बाबतीत ते शिक्षणाचे काम आहे.

समाजाने या मुलांसाठी काय करावे, याचे उत्तर याच मातीत एकदा शोधले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घर सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मिरजेजवळच्या दूधगावात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे करण्यात भाग घेतला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथे सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एका पंगतीत जेवावे असे बोर्डिंग सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. या मुलांत गरीब होती तशी पोरकीही होती. त्यांना वाढवले लक्ष्मीबाई पाटलांनी. स्वयंपाक, आजारपण, रुसवेफुगवे सगळे त्यांच्याकडे. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही त्यांनी मोडले. १९३० साली त्या गेल्या. कर्मवीरांची थोरवी सांगताना हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातली दुसरी बाजूही पाहिली पाहिजे: सांभाळणाऱ्या बाईला मंगळसूत्र मोडावे लागले, कारण तिच्या पाठीशी पुरेसा समाज अजून उभा राहिला नव्हता.

तो उभा राहावा म्हणून रयतने मुष्टिफंड चालवला. घरातल्या बाईने दळायला किंवा शिजवायला धान्य काढताना त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची; ठरलेल्या दिवशी बोर्डिंगातली मुले झोळी घेऊन येत आणि साठलेले धान्य नेत. ज्वारीची एक मूठ देताना कोणत्याच घराला जड जात नाही, आणि शेकडो घरांच्या मुठींवर एक बोर्डिंग जेवते. या योजनेतली खरी दूरदृष्टी मला देण्याच्या आकारात दिसते. मोठी देणगी एकाच माणसाच्या मर्जीवर असते; तो रागावला, कर्जबाजारी झाला, वारला की बंद. मूठ मात्र रोजची असते आणि गावाची असते. शिवाय देणारी बाईच असल्याने, पुरुषांच्या सभेत न विचारली जाणारी बाई संस्थेची भागीदार झाली. मुलांनाही ‘कमवा आणि शिका’च्या शिस्तीत घाम गाळावा लागे, त्यामुळे फुकट खाल्ल्याचा सल त्यांच्या मनात राहिला नाही. आणखी एक गोष्ट सहज निसटते. हे बोर्डिंग होते, अनाथालय नव्हते. ज्याला घर होते तो सुट्टीत घरी जाई, पेरणी-काढणीला हात लावी, भाऊबीजेला बहिणीकडे जाई. शिक्षणासाठी त्याला घर तोडावे लागत नव्हते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते वजनदार आहेत. पहिला असा की नातेवाइकांच्या ओढगस्तीच्या घरापेक्षा चांगली चालवलेली संस्था मुलाला जास्त देते: वेळेवर जेवण, अभ्यासाची जागा, डॉक्टर. याला संशोधनाचा आधारही आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतल्या सहा ते बारा वर्षांच्या पोरक्या आणि टाकलेल्या मुलांच्या अभ्यासात, ज्यात आपल्याकडचे हैदराबाद आणि नागालँड होते, संस्थेत राहणाऱ्या मुलांची प्रकृती, बुद्धी, मानसिक स्थिती ही घरी राहणाऱ्यांपेक्षा वाईट आढळली नाही. काही बाबतींत उलट बरी निघाली. याच्या उलट बाजूला रुमानियातला बुखारेस्टचा प्रसिद्ध प्रयोग आहे. २००० साली सुरू झालेल्या या प्रयोगात अनाथालयांतली १३६ तान्ही मुले निवडून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांची विभागणी केली; निम्मी पालक-कुटुंबांत गेली, निम्मी होती त्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माया लावण्याची क्षमता स्पष्टपणे जास्त वाढली, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची विशेष. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत, मग निष्कर्ष विरुद्ध का? वयाचा फरक आहेच. पण माझ्या मते कळीची गोष्ट वेगळी आहे. बुखारेस्टच्या पालक-कुटुंबांना मानधन होते आणि सामाजिक कार्यकर्ते त्यांच्याकडे नियमाने जात, अडचणी सोडवत. पाच देशांच्या अभ्यासातली घरे बहुतांशी आपापल्या बळावर तग धरून होती. म्हणजे बुखारेस्टमध्ये तुलना झाली संस्था आणि आधार असलेले घर यांची. पाच देशांच्या अभ्यासात संस्था आणि एकटे पडलेले घर यांची. घर आपोआप चांगले असते असे या अभ्यासांतून निघत नाही. आधार मिळाला की घर संस्थेच्या पुढे जाते आणि एकटे टाकले की जात नाही, एवढे निघते, आणि धोरण ठरवायला ते पुरेसे आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. आधीचे उपाय मात्र आपण अर्धवट सोडले आहेत.

दुसरा आक्षेप नातेवाइकांच्या दानतीवर आहे. मामी उपाशी ठेवते, काका जमीन लाटतो, मुलीला शाळेतून काढून धुण्याभांड्याला जुंपतात, पैसे मिळाले तर दारूत जातात. असे घडते, आणि ते नाकारणे मुलांशी बेइमानी होईल. पैशाच्या गैरवापराबाबत मात्र पुरावा दिलासा देणारा आहे. केनियात २००४ पासून अनाथ मुले सांभाळणाऱ्या गरीब घरांना थेट रोख रक्कम दिली जाऊ लागली. तिच्या मूल्यमापनात अन्न आणि औषधपाण्यावरचा खर्च वाढलेला आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. छळाच्या बाबतीत माझे उत्तर असे की तो बहुतेक वेळा कोणी पाहत नसते तिथे वाढतो. ज्या घरी महिन्यातून एकदा कोणी ओळखीचे माणूस येते, मुलाची वही मागून बघते, आजीच्या गुडघ्यांची चौकशी करते, त्या घरात अन्याय लपवणे अवघड होते आणि थकवा बोलून दाखवणे सोपे होते. मदत करणारी नजर आणि लक्ष ठेवणारी नजर एकच असली पाहिजे. नुसती लक्ष ठेवणारी असेल तर घर दार लावून घेते. आणि जिथे खरोखरच मुलाला धोका आहे तिथे त्याला बाहेर काढायलाच हवे. संस्था त्यासाठी आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो: ज्या समाजाकडून आधाराची अपेक्षा करायची तोच समाज दगड मारतो. एचआयव्हीच्या काळात महाराष्ट्रात हे सर्रास घडले. मुलांना शाळेत शेजारी बसू दिले नाही, पाण्याचा पेला वेगळा ठेवला, अंत्यविधीला माणसे आली नाहीत. नातेवाइकांनी झिडकारलेल्या एचआयव्हीबाधित मुलांसाठी पंढरपुरात प्रभाहिरा प्रतिष्ठानला २००१ मध्ये ‘पालवी’ उभारावी लागली, लातूरजवळ हासेगावला ‘सेवालय’ उभे राहिले. त्या मुलांना त्या संस्थांनी जगवले, आणि घराची महती सांगताना हे विसरून चालणार नाही. पण याच काळात सांगलीत दुसरेही काही घडत होते. १९९२ मध्ये मीना शेषू यांनी सुरू केलेल्या ‘संग्राम’ने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच कामाच्या केंद्रस्थानी ठेवले आणि त्यातून १९९६ मध्ये या स्त्रियांची स्वतःची ‘व्हॅम्प’, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. मुलांसाठी निपाणीला वसतिगृह निघाले. मुलाचे भले करायचे तर आईला गुन्हेगार ठरवून मूल काढून घ्यावे लागते, हा समज त्या बायकांनी मोडून काढला. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले होते त्यांनीच एकमेकींची मुले, आजार आणि कोर्टकचेऱ्या सांभाळण्याची व्यवस्था उभी केली. तेव्हा समाज असा एकच एक दगड नसतो. एकाच सांगलीत पेला वेगळा ठेवणारेही होते आणि शेजारणीच्या मुलाचा दाखला काढून आणणारीही होती. धोरणाने कोणाच्या हाताला बळ द्यायचे, हा प्रश्न आहे.

कायदा या वास्तवापर्यंत पोचलाही आहे, फक्त तो कोणाला ठाऊक नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यात, बाधित कुटुंबातले किमान बारा वर्षांचे पण अठरा न झालेले समंजस भावंड आपल्या धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खाते, औषधोपचार यांसाठी सही करू शकते, अशी तरतूद आहे. बारा-तेरा वर्षांची मोठी बहीण घर चालवते, हे कायदेमंडळाने उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. आजीला मात्र असा सुटसुटीत अधिकार देणारी सोय अजून नाही. शाळाप्रवेश, खाते आणि उपचार एवढ्यापुरता तरी तो बालकल्याण समितीच्या एका आदेशाने देता यावा, असे मला ठामपणे वाटते. मिळकतीचा प्रश्न न्यायालयाकडे राहू दे.

शाळेचे सांगायचे तर पोरके मूल बहुधा पहिलीत गळत नाही. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा आहे, दुपारचे जेवण आहे, पुस्तके मोफत आहेत, शाळा गावात किंवा शेजारच्या वाडीत आहे. नववीला हे सगळे एकदम संपते. हायस्कूल लांब, परीक्षा फी, गाइड, गणवेश, आणि मुलगा तर आता ऊसतोडीला किंवा गॅरेजात जाण्याजोगा झालेला. मुलीला एसटीचा मोफत पास आहे, पण तिच्याबाबत भीती वेगळी असते. म्हातारी स्वतःचे दिवस मोजत असते. आपण डोळे मिटण्याआधी पोरीचे हात पिवळे करून जबाबदारीतून मोकळे व्हावे, असे तिला वाटते. तिला बालविवाहाचा कायदा वाचून दाखवला तर ती घाबरेल, पण तिची भीती जाणार नाही. झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागात अनाथ मुलींवर केलेल्या एका प्रयोगात फी, गणवेश आणि वह्या दिल्याच, शिवाय शाळेतल्याच एका शिक्षिकेला त्या मुलींकडे लक्ष द्यायला सांगितले: गैरहजर राहिली की विचारायचे, घरी जाऊन यायचे. दोन वर्षांनी, ज्यांना हे मिळाले नाही त्या मुलींत शाळा सुटण्याचे प्रमाण कित्येक पट आणि लग्न होण्याचे प्रमाण जवळपास तिप्पट निघाले. आपल्याकडे रयतच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे जाळे इतके दाट आहे की प्रत्येक पोरक्या मुलामागे एक शिक्षक नेमून देणे अशक्य नाही. दत्तक-पालक म्हणून फोटो काढण्यापुरते नव्हे. हजेरी, घरभेट आणि कागद एवढ्या तीन कामांपुरते, आणि ते त्याच्या कामाच्या तासांत धरून. शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे हे खरे आहे, म्हणून हे काम वरून लादलेले चौदावे काम होता कामा नये. त्याच्या बदल्यात एखादे तरी काम कमी झाले पाहिजे.

आता पुन्हा सांभाळणाऱ्या बाईकडे. तिला आपण आधारस्तंभ वगैरे म्हणतो आणि मोकळे होतो. ती स्वतः शोकात असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. नातवाचे आई-वडील गेले म्हणजे तिचा मुलगा आणि सून गेली. मुलाची आई जिवंत असेल तर तिचा नवरा गेलेला असतो, आणि त्याबरोबर कुंकू, हळदीकुंकवाचे आमंत्रण, कित्येकदा सासरच्या घरातली जागाही. सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो मला या विषयातलाच वाटतो. बाई पंगतीत बसू लागली की तिचे मूलही बसते. म्हातारीला संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षे २१,००० रुपयांची ठेवली गेली. महिन्याला १,७५० रुपये होतात हे. एवढ्यात कोणते घर चालते, हे अट लिहिणाऱ्यांनी सांगावे. आणि मनाच्या थकव्याला तर योजनाच नाही. झिम्बाब्वेतच एका मनोविकारतज्ज्ञाने दवाखान्याच्या आवारात लाकडी बाके टाकून त्यांवर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. खिन्न झालेल्या माणसाशी त्या बोलत, त्याच्या अडचणीतून एखादी वाट काढायला मदत करत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचा स्पष्ट गुण दिसला. आपल्याकडे गावोगावी बचत गट आहेत. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, ग्रामीण बायकांनी १९९७ मध्ये स्वतःची माणदेशी बँक उभी केली. जिथे बाया आधीच महिन्यातून एकदा जमतात, विश्वासाने पैसे ठेवतात, तिथे नातवंडे सांभाळणाऱ्या आज्यांसाठी वेगळी समिती काढायची गरज नाही. बैठकीत अर्धा तास त्यांचा.

मुष्टिफंडाच्या काळात मुलाला धान्य मिळत नव्हते. आज रेशनवर धान्य मिळते, शाळेत जेवण मिळते, योजना आहेत, आरक्षणही आहे. तुटवडा आहे तो सोबतीचा. म्हणून आजची मूठ वेळेची असावी: तहसीलला जाणाऱ्या आजीबरोबर जाणारा पदवीधर पोरगा, आधारची दुरुस्ती करून देणारा सेतू केंद्रवाला, वारसनोंद लावून देणारा निवृत्त तलाठी. ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असावी, सरपंच तिचा अध्यक्ष असावा, असे धोरण आहेच. तिने वर्षातून एकदा मोठे संमेलन घेऊ नये. गावातल्या पोरक्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने ठेवावेत: मृत्यूचे दाखले झाले का, वारसनोंद झाली का, बालसंगोपनचा आदेश झाला का, शाळेत हजेरी किती. रिकाम्या रकान्यापुढे ते काम करणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. यादी मात्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू नये. ज्या मुलाचे आई-वडील एचआयव्हीने गेले त्याला आयुष्यभर ती यादी पुरेल.

या यादीत पाचवा रकाना वयाचा हवा, कारण अठरावे वर्ष हा या मुलांच्या वाटेतला कडा आहे. बालसंगोपनचे पैसे त्या दिवशी थांबतात. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची काही तरी व्यवस्था आहे. आजीच्या घरातून बाहेर पडणाऱ्याला तीही नाही, आणि बहुधा याच सुमारास आजीही थकलेली किंवा गेलेली असते. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. सुरुवातीला त्याचा रोख जात-गोत माहीत नसलेल्या, संस्थांतल्या मुलांवर होता. २०२३ च्या सुधारित निर्णयात नातेवाइकांकडे वाढलेल्या, म्हणजे संस्थाबाह्य, अनाथांनाही त्यात स्थान मिळाले. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी मुलींना माफ करताना शासनाने अनाथ मुलगे आणि मुली दोघांनाही त्या निर्णयात घेतले. म्हणजे आई-बाप नसलेल्या, मामाकडे वाढलेल्या मुलाला आज इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगची फी न भरता शिकता येते. मुख्य अट ही की त्याच्याकडे महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र हवे. ते पुण्याच्या विभागीय कार्यालयातून येते, त्याला दोन्ही पालकांच्या मृत्यूचे दाखले लागतात, आणि प्रवेशाच्या धावपळीत, जूनच्या पावसात, ते काढायला निघालेले मूल हमखास उशिरा पोचते. हे काम दहावीचा निकाल लागायच्या आत, शाळेने आणि गावाने मिळून करायचे आहे. या वर्षी दहावीला बसणाऱ्या प्रत्येक पोरक्या मुलाचे नाव मुख्याध्यापकांच्या हजेरीपटात आत्ता, या क्षणी आहे.